इंग्रजी व्होकॅब वाढवायचीय? मग शब्द एकटा पाठ करू नका

ज्यांनी ज्यांनी कधीतरी व्होकॅबचं जाडजूड पुस्तक विकत घेतलंय त्यांना 'ए'वरचे शब्द एकदम पक्के येतात. अबेट, ॲबरंट, अबेयन्स, सगळं तोंडपाठ. 'बी'ला जरा दम लागतो, 'सी'पर्यंत पुस्तक कपाटावर गेलेलं असतं, आणि पुढच्या जूनमध्ये नव्या उत्साहानं परत 'ए'पासून सुरुवात. यात आळसाचा दोष कमी आणि पद्धतीचा जास्त आहे. अबेट आणि अबेयन्स डिक्शनरीत जवळजवळ छापलेत म्हणून ते एकाच दिवशी शिकायचे याला काही अर्थच नाही, उलट दिसायला सारखे शब्द एकत्र पाठ केले की ते एकमेकांत घुसतात आणि परीक्षेत नेमका नको तो आठवतो.

खाली जे लिहितोय ते अगदी नवशिक्यांसाठी नाहीये. इंग्रजी पेपर वाचता येतो, मीटिंगमध्ये बोलता येतं, पण लिहायला बसलं की गुड, बॅड, इम्पॉर्टंट, इश्यू आणि थिंग एवढ्यावरच काम चालतं, अशा लोकांसाठी आहे. आणि माझ्या बघण्यात असे लोक भरपूर आहेत, मराठी मीडियमवाले तर आहेतच पण कॉन्व्हेंटवालेही तितकेच.

पहिलं काम म्हणजे कुठले शब्द शिकायचे ते ठरवणं, कारण 'ॲडव्हान्स्ड' म्हटलं की लोकांना वाटतं कुणालाच माहीत नसलेला शब्द. मे २०१७ मध्ये शशी थरूरांनी एका ट्वीटमध्ये फरागो शब्द वापरला आणि अख्खा देश डिक्शनरी उघडून बसला. फरागो म्हणजे नुसती खिचडी, सरमिसळ. त्यानंतर किती जणांनी तो शब्द स्वतःच्या लिखाणात वापरला? मीम सोडून. पण त्याच ट्वीटमध्ये एक्झॅस्परेटिंग होता, डिस्टॉर्शन्स होता, मास्करेडिंग होता, आउटराइट लाइज होतं, आणि हे शब्द ऑफिसात, निबंधात, कुठंही रोज उपयोगी पडतील असे आहेत. त्यांच्याकडं कुणी बघितलंच नाही. ॲडव्हान्स्ड व्होकॅब म्हणजे ८०% हे आजूबाजूचे शब्द, फरागो नव्हे (हा टक्का माझा अंदाज हं, कुठल्या रिसर्चचा नाही).

रिसर्चचं म्हणाल तर तेही आहे. मायकेल वेस्ट नावाचा इंग्रज शिक्षणतज्ज्ञ ब्रिटिश काळात ढाक्यात होता, बंगाली मुलांना इंग्रजी वाचन कसं शिकवावं यावर त्यानं तिथं बरंच काम केलं, आणि पुढं १९५३ मध्ये साधारण २००० नेहमीच्या शब्दांची यादी छापली. ते शब्द तुम्हाला येतात, ती यादी सोडून द्या. मग २००० साली न्यूझीलंडच्या ॲव्हरिल कॉक्सहेड यांनी त्यापुढची यादी काढली, म्हणजे वेस्टच्या यादीत नसलेले पण कायदा असो की सायन्स की कॉमर्स, सगळ्या विषयांच्या पुस्तकांत परत परत येणारे शब्द. असे फक्त ५७० निघाले. म्हणजे ५७० कुटुंबं, ॲनालाइज, ॲनालिसिस, ॲनालिटिकल हे सगळं मिळून एक धरायचं. अभ्यासाच्या पुस्तकातला साधारण दर दहावा शब्द या ५७० मधला असतो. यादी नेटवर फुकट मिळते, एका संध्याकाळी वाचून होते. त्यात ऑलबीइट, व्हेअरबाय, नॉटविथस्टँडिंग, इंट्रिन्सिक, इन्व्होक, लेव्ही असे शब्द आहेत. वाचताना सगळे ओळखीचे वाटतात, पण शेवटचं कधी स्वतः लिहिलंत ते आठवून बघा. ज्या शब्दापाशी 'ओळखतो पण वापरत नाही' असं होतं तिथं खूण करा. तुमची पहिली यादी हीच, आणि ती कुठल्याही बाजारातल्या पुस्तकापेक्षा तुमच्यासाठी चांगली आहे.

हे झालं की मग बाहेरच्या वाचनातून शब्द घ्यायचे. पॉल नेशन, हे भाषातज्ज्ञही न्यूझीलंडचेच, त्यांचा २००६ चा हिशोब असा की कादंबरी किंवा पेपर डिक्शनरीशिवाय आरामात वाचायचा तर ८००० ते ९००० शब्दकुटुंबं माहीत लागतात, म्हणजे मग शंभरातले ९८ शब्द ओळखीचे पडतात. हा ९८ चा आकडा लक्षात ठेवा, कारण त्यावरून काय वाचायचं ते ठरवता येतं. जे वाचताय त्यातले शंभर शब्द मोजा, दोन-तीन अडले तर एकदम बरोबर, संदर्भावरून अर्थ लागत जातो. सात-आठ अडले तर सध्या ते बाजूला ठेवा, ते वाचन राहत नाही, नुसतं खोदकाम होतं. आणि एकही अडला नाही तर मजा म्हणून वाचा, पण व्होकॅब वाढतीय अशी समजूत करून घेऊ नका.

वाचायचं काय यावर माझं मत जरा वेगळं आहे. सगळे सांगतात रोज एडिटोरियल वाचा. वाचा की, पण आज परराष्ट्र धोरण, उद्या जीएसटी, परवा हत्ती, असं दर दिवशी विषय बदलला की कालचा शब्द आज परत भेटतच नाही. त्यापेक्षा एक विषय धरून महिनाभर त्यावरच वाचा. समजा मराठवाड्यातला दुष्काळ घेतला. आधी मराठी पेपरात बातमी वाचायची, म्हणजे काय घडलंय ते डोक्यात बसतं, मग तीच बातमी इंग्रजी पेपरात. तिथं एरॅटिक रेनफॉल येणार, ॲक्यूट शॉर्टेज येणार, डिप्लीटेड ग्राउंडवॉटर, पार्च्ड फील्ड्स, डिस्ट्रेस मायग्रेशन येणार, आणि आठवड्यात चार वेगवेगळ्या बातम्यांत तेच ते येणार. अर्थ शोधायला डिक्शनरी लागतच नाही, कारण 'तीव्र टंचाई' तुम्ही आत्ताच मराठीत वाचलेलं असतं. क्रिकेट आवडत असेल तर क्रिकेट घ्या, शेअर बाजार आवडत असेल तर तो घ्या, बाजाराच्या बातम्यांत तर नुसतं 'पडला' म्हणायला प्लंज, टंबल, स्लंप, डिप, स्लाइड असे पाच शब्द आहेत आणि प्रत्येकाचं पडणं वेगळं आहे.

आता वरचे शब्द परत बघा. मी नुसतं ॲक्यूट लिहिलं नाही, ॲक्यूट शॉर्टेज लिहिलं. सगळी गोम इथंच आहे, बाकी लेख विसरलात तरी चालेल. शब्द एकटा शिकायचा नाही, त्याच्या सोबत्यांसकट शिकायचा. आपण मराठीत शपथ घेतो, पैज लावतो, थाप मारतो, कळ काढतो. 'मी शपथ मारली' असं कुणी बोललं तर कळेल, पण हसू येईल. का नाही चालत याचं कारण कुणालाच सांगता येत नाही, तसं कुणी बोलत नाही एवढंच. इंग्रजीतही तसंच, क्राइम, मर्डर, फ्रॉड हे सगळं कमिट करतात पण प्रॉमिस मेक करतात. पाऊस हेवी असतो, चहा स्ट्राँग असतो. आउटराइटचे सोबती बघा, आउटराइट लाय, आउटराइट बॅन, आउटराइट रिजेक्शन. मिटिगेट म्हणजे सौम्य करणं, ते करायचं रिस्क, इम्पॅक्ट, डॅमेज, माणसाला कुणी मिटिगेट करत नाही. आणि काही शब्दांची संगतच वाईट असते. इन्कर घ्या, म्हणजे ओढवून घेणं, लोक कॉस्ट इन्कर करतात, लॉस, डेट (कर्ज), पेनल्टी, कुणाचा तरी रोष इन्कर करतात, पण प्रॉफिट कुणी इन्कर करत नाही. अटर घ्या, अटर नॉन्सेन्स, अटर केऑस, अटर फेल्युअर. नुसता 'अटर = पूर्ण, संपूर्ण' असा अर्थ पाठ केला तर तुम्ही खुशाल 'अटर सक्सेस' लिहून मोकळे होता आणि वाचणाऱ्याला कुठंतरी खडा लागतो.

बर्मिंगहॅमचे प्रोफेसर जॉन सिंक्लेअर यांनी कॉम्प्युटरवर लाखो शब्दांचा खराखुरा मजकूर भरून असं काय काय शोधलं. त्यांचं एक गाजलेलं उदाहरण सेट इनचं आहे, इंग्रजीत जे सेट इन होतं ते बहुतेक वाईटच, रॉट, डिके, डिस्पेअर. आता आपलं हवामान खातं दरवर्षी सांगतं की मॉन्सून केरळात सेट इन झाला, आणि आपण खूश होतो. तेही बरोबरच आहे, हवामानाच्या बाबतीत ते चालतं, पण बघा किती बारीक गोष्टी असतात.

हे सोबती सापडतात कुठं तर लर्नर्स डिक्शनरीत. साधी मोठी डिक्शनरी नको, इंग्रजी ज्यांची मातृभाषा नाही त्यांच्यासाठी बनवलेली. ही कल्पना रुजवली ए. एस. हॉर्नबी यांनी, ते जपानात इंग्रजी शिकवायचे, त्यांची डिक्शनरी आधी १९४२ मध्ये तिकडं छापली आणि १९४८ मध्ये ऑक्सफर्डनं काढली. लाँगमनची १९७८ ची, तिच्यात सगळे अर्थ साधारण २००० सोप्या शब्दांतच सांगायचे असा नियम केलेला, म्हणजे एका अवघड शब्दाचा अर्थ दुसऱ्या अवघड शब्दात अशी भानगड नाही. सिंक्लेअर यांची कोबिल्ड १९८७ ची, ती अर्थच पूर्ण वाक्यात सांगते. तिन्ही आता ऑनलाइन फुकट बघता येतात, कुठलीही एक धरा. अर्थापाशी थांबू नका, खालची उदाहरणं वाचा, माल तिथं असतो.

मग इंग्रजी-मराठी डिक्शनरी टाकून द्यायची का? नाही, पण जपून वापरायची. त्यात स्टबर्न, ऑब्स्टिनेट, टेनेशियस, परसिस्टंट या चौघांपुढं फिरून फिरून हट्टी, दुराग्रही, चिकाटीचा असंच काहीतरी सापडतं आणि फरक पुसला जातो. खरं तर आपल्याकडं हट्टी, हेकट, जिद्दी, चिवट असे मस्त वेगवेगळ्या चवीचे शब्द आहेत. टेनेशियस म्हणजे चिवट, त्यात कौतुक आहे. ऑब्स्टिनेट म्हणजे हेकट, त्यात वैताग आहे. म्हणून मराठी अर्थ लिहायचाच असेल तर पुस्तकी लिहू नका, घरात जो शब्द बोलाल तो लिहा. उलटा मार्गही आहे, मोल्सवर्थची मराठी-इंग्रजी डिक्शनरी, पहिली १८३१ ची, सुधारलेली १८५७ ची, शिकागो विद्यापीठाच्या साइटवर फुकट सर्च करता येते. आपल्या बोलीतला एखादा ठसकेबाज शब्द टाकायचा आणि दीडशेपेक्षा जास्त वर्षांपूर्वी त्या साहेबानं तो इंग्रजीत कसा पकडलाय ते बघायचं. वेळ कसा जातो कळत नाही. फक्त ते इंग्रजी जुनं आहे, तसंच्या तसं ईमेलमध्ये टाकू नका.

आता आपल्या हातातला हुकमी पत्ता, जो बरेच जण खेळतच नाहीत. विल्यम जोन्स या इंग्रज न्यायाधीशांनी १७८६ मध्ये कलकत्त्यात भाषण करून सांगितलं की संस्कृत, ग्रीक, लॅटिन यांचा उगम एकच असावा. इंग्रजीतले अवघड शब्द बहुतेक लॅटिन-ग्रीकमधून आलेत, आणि मराठीत संस्कृत शब्द खच्चून भरलेत, म्हणजे नातेवाईक दोन्हीकडं आहेत. (संस्कृतातून इंग्रजी निघाली असले फॉरवर्ड येतात ते सोडा, दोघींचं मूळ एक आहे एवढंच.) गुरु म्हणजे जड आणि लघु म्हणजे हलकं हे आपल्याला शाळेत वृत्तं शिकताना कळलेलं असतं. त्या गुरुचा लॅटिन भाऊ ग्रॅव्हिस, त्यावरून ग्रॅव्हिटी आणि ॲग्रव्हेट, म्हणजे आणखी जड करणं, परिस्थिती बिघडवणं. लघुचा भाऊ लेव्हिस, त्यावरून लेव्हिटी आणि अलीव्हिएट, म्हणजे हलकं करणं. पेन अलीव्हिएट करतात, पॉव्हर्टी अलीव्हिएट करतात, टेन्शन ॲग्रव्हेट होतं, इंज्युरी ॲग्रव्हेट होते. ही जोडी एकदा अशी बसली की परत पाठ करावी लागत नाही.

तनु म्हणजे बारीक, सडपातळ, त्याच्या नात्यातला टेन्युअस, टेन्युअस लिंक म्हणजे ओढूनताणून जोडलेला संबंध, आणि कोर्टातलं एक्स्टेन्युएटिंग सर्कमस्टान्सेस, गुन्हा थोडा पातळ करणारी परिस्थिती. ज्ञा म्हणजे जाणणं, त्याच्या नात्यात कॉग्निशन आणि ॲग्नॉस्टिक. अग्नीच्या नात्यात इग्नाइट. युज् म्हणजे जोडणं, त्याच्या नात्यात कॉन्ज्युगल, म्हणजे वैवाहिक. स्वप्नाचे तर दोन भाऊ, लॅटिनमधला इन्सॉम्नियात आणि ग्रीकमधला हिप्नोसिसमध्ये. सु आणि दुस् या उपसर्गांचे ग्रीक भाऊ यू आणि डिस, म्हणून युफेमिझम, युलॉजी एका बाजूला आणि डिस्टोपिया, डिसफंक्शनल दुसऱ्या बाजूला, दुष्काळ आणि दुर्दशेच्या रांगेत. फक्त हा डिस 'वाय'वाला बरं का, डिसॲग्रीमधला 'आय'वाला वेगळा आहे.

आणि इथंच सावध राहायचं, दिसलं सारखं की नातं जोडलं असं करायचं नाही. डे आणि दिवस इतके सारखे वाटतात पण त्यांचं काही नातं नाही, दिवसाचं खरं नातं डायरीशी आहे. शंका आली तर एटिमॉनलाइन नावाची साइट आहे, तिथं बघा. शिवाय मूळ कळलं म्हणून अर्थ कळतोच असंही नाही, इन्फ्लेमेबलमध्ये 'इन' बघून न पेटणारं असं समजलात तर घात होईल, ते भसकन पेटणारं असतं. मूळ हे लक्षात ठेवायला वापरा, अर्थ ठरवायला नको.

लक्षात ठेवण्याचं बोलायचं तर एबिंगहाउस या जर्मन माणसानं १८८५ मध्ये, स्वतःलाच निरर्थक अक्षरं पाठ करायला लावून, दाखवून दिलं की आपण विसरतो ते सगळ्यात जास्त सुरुवातीलाच, नंतर वेग कमी होतो. म्हणून एकाच रात्री पन्नास वेळा घोकण्यापेक्षा उद्या, मग चार दिवसांनी, मग पंधरवड्यानं असं लांबवत बघायचं. यासाठी अंकी नावाचं ॲप आहे, कॉम्प्युटरवर आणि अँड्रॉइडवर फुकट, आयफोनवर पैसे पडतात. मोबाइल नको असेल तर पुठ्ठ्याचे चार खोके आणि चिठ्ठ्या, आला तर पुढच्या खोक्यात, नाही आला तर परत पहिल्या, पुढचे खोके कमी वेळा उघडायचे. लाइटनर नावाच्या जर्मन लेखकानं १९७० च्या दशकात हीच पद्धत सांगितली, आजही चालते.

चिठ्ठीवर काय लिहायचं हे जास्त महत्त्वाचं. पुढं शब्द मागं मराठी अर्थ, असं नको. जिथं सापडला ते वाक्य लिहा आणि शब्दाच्या जागी गाळलेली जागा ठेवा. मागं शब्द, त्याचे दोन-तीन सोबती, आणि तुमच्या स्वतःच्या आयुष्यातलं एक वाक्य, तेही खरं. 'द गव्हर्न्मेंट मिटिगेटेड द रिस्क' असलं बेचव नको, सोसायटीच्या पाण्याच्या टाकीवरून काय झालं ते लिहा. दिवसाला पाच-सहा शब्द बास. दुसऱ्यानं बनवलेला चार हजार कार्डांचा डेक डाउनलोड करायचा मोह होईल, करू नका, 'ए'वाल्या पुस्तकाचंच ते मोबाइल रूप आहे.

उच्चाराकडं लोक दुर्लक्ष करतात आणि मग शब्द येत असूनही बोलायला कचरतात. एपिटमी, एपिटोम नाही. हायपर्बली, हायपरबोल नाही. सटलमध्ये 'बी' नाही, कर्जवाल्या डेटमध्ये नाही, रॉन्डिव्हूमध्ये तर निम्मी अक्षरं शोभेला. देवनागरीत लिहून ठेवायला हरकत नाही पण देवनागरीत जोर कुठं द्यायचा ते दिसत नाही, फोटोग्राफमध्ये जोर पहिल्यावर आणि फटॉग्रफीत दुसऱ्यावर, म्हणून त्या लर्नर्स डिक्शनरीतलं स्पीकरचं बटण दाबा आणि मोठ्यानं म्हणा. घरातले बघतील, बघू देत.

वापरायचं कुठं? आठवड्याला दोन-तीन शब्द ठरवून खऱ्या मेलमध्ये, रिपोर्टमध्ये टाका. फार नाही, एका मेलमध्ये एकच, नाहीतर रजेचा अर्ज वाचून मॅनेजरला वाटेल राजीनामा आलाय. आणि अवघड म्हणजे लांबलचक असंही नाही, फेज आउट, रूल आउट, आयर्न आउट, वॉटर डाउन हे छोटे छोटे शब्द जोडून झालेले प्रकार नीट वापरता येणं हे कमेन्स आणि एंडेव्हरपेक्षा जास्त ॲडव्हान्स्ड आहे. ऑफिसातलं आपलं देशी इंग्रजी मला आवडतं, प्रीपोन तर झकास शब्द आहे, पण परदेशी क्लायंटला 'प्लीज रिव्हर्ट' लिहिताना विचार करा, तिकडं बऱ्याच जणांना रिव्हर्ट म्हणजे पूर्वीच्या स्थितीला परत जाणं एवढंच माहीत असतं.

परीक्षावाल्यांसाठी दोन शब्द. एसएससी (दहावी नव्हे, केंद्राच्या नोकरभरतीची), सैन्यभरतीची सीडीएस वगैरेंना अजून समानार्थी, विरुद्धार्थी, शब्दसमूहासाठी एक शब्द असं सरळ विचारतात, तिथं जुने पेपर सोडवणं हाच राजमार्ग, सोबतीबिबती नंतर. परदेशी शिकायला जाणाऱ्यांच्या जीआरईचं मात्र वेगळं. २०११ मध्येच त्यांनी विरुद्धार्थी आणि ॲनालॉजीचे प्रश्न काढून टाकले, आता शब्दांचे प्रश्न वाक्यातल्या गाळलेल्या जागांवर, तरी क्लासवाले जुन्या याद्या वाटतच असतात. तिथं फसवतात ते साधे दिसणारे शब्द. चेक म्हणजे रोखणं, क्वालिफाय म्हणजे आपलंच विधान जरा आवरतं घेणं, सँक्शन म्हणजे मंजुरी पण आणि निर्बंध पण. टेबल तर कहरच, आपल्या संसदेत बिल टेबल केलं म्हणजे मांडलं, अमेरिकेत टेबल केलं म्हणजे बाजूला ठेवून दिलं. असे शब्द दिसले की वेगळ्या रंगाच्या चिठ्ठीवर घ्या.

आणि चिठ्ठी फाडायची कधी, हे पण बऱ्याच जणांना कळत नाही, मग ढीग साचतो. माझा नियम असा की लिहिताना शब्द न शोधता आपोआप आला, आणि त्याच्या शेजारी बरोबर सोबतीपण आला, की ती चिठ्ठी फाडायची. तीन-चार महिन्यांत एकदाही कुठं वाचनात भेटला नाही तरी फाडायची, फरागो असला तरी.